मुरत ठेवलेलं प्लास्टिक

मी एकदा प्लास्टिक मुरत ठेवलं होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे नातवंडांना ही गोष्ट माझ्यामागं खिदळत सांगायची मजा उरणार नाही. पुरणपोळीची कणीक ठेवतात तसंच ठेवलं होतं. वरून करडईच्या तेलाचा हात फिरवून, ओल्या पोत्याखाली झाकून, डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ. आणि ठेवताना माझ्या तोंडावर असं काही तेज होतं म्हणता! लग्नाच्या फोटोत पण नाही तसं.

इतकी अक्कल असलेल्या बाईच्या हातात प्लास्टिक दिलं कुणी, असं कुणीही विचारील. माझ्या नवऱ्यानं दिलं. त्याच्याकडं दुसरा इलाज नव्हता.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते तेव्हाची गोष्ट. बारामतीत, इंदापूरच्या रस्त्याला, आमची पत्र्याची शेड होती. आजूबाजूला सगळा ऊस. जो तो उसाचंच बोलायचा, आणि आमचे हे मुंबईला एका कारखान्यात काही वर्षं काढून परत आले ते फण्यांचं वेड डोक्यात घेऊन. प्लास्टिकच्या फण्या! लोकांना वाटलं, पोरगं मुंबईच्या हवेनं बिघडलं. मी कळंबची, चौथी पास, एकोणीस वर्षांची. मला वाटलं, आपण फार मोठ्या माणसाच्या पदरात पडलो. दोन्ही समज थोडे थोडे खरे होते.

प्लास्टिकचे दाणे मुंबईहून यायचे, साबुदाण्यासारखे. वितळवून साच्यात दाबले की फणी अशी झळझळीत निघायची की आरपार दिसावं. दिसायला काच, आणि वागायलाही काचच. आमच्या भागातल्या बायकांचे केस शिकेकाईनं न्हालेले, जाडजूड. त्यात ती फणी घातली की दात केसातच राहायचे. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, पहिली फणी ह्यांनी मोठ्या कौतुकानं दिली. दुसऱ्या दिवशी त्या ओसरीवर बसून डोक्यातून दात वेचत होत्या.

"फणीनं केस इंचरायचे का केसानं फणी इंचरायची रं?" म्हणाल्या.

मग ह्यांनी ठरवलं, प्लास्टिकमध्ये रबर घालायचं. रबर लवचीक, तुटत नाही. प्लास्टिक टणक, वाकत नाही. दोघांचं लग्न लावलं की मधलं काहीतरी होईल. पण हे लग्न काही केल्या लागेना. ती दोघं एकमेकांत विरघळतच नाहीत. तेल आणि पाणी जसं, तसंच. वितळलं तरी हे आपलं वेगळं, ते आपलं वेगळं. कधी फणी चिवट व्हायची पण चपलेसारखी लोळायची, कधी पहिल्यासारखीच कडाकडा मोडायची.

ह्यासाठी ह्यांनी लग्नानंतर मुंबईच्या भंगारबाजारातून एक धूड आणलं. आतून वाफेनं तापणारे दोन लोखंडी रूळ, शेजारी शेजारी, इंजिनाच्या पट्ट्यावर एकमेकांकडं फिरणारे. आम्ही त्यांना लाटणी म्हणायचो. एक लाटणं दुसऱ्यापेक्षा जरा जोरात फिरायचं, म्हणजे मधला माल नुसता दाबला न जाता ताणला जायचा, फाटायचा, पुन्हा गोळा व्हायचा. मला त्यांचा राग नव्हता तोवर ती छानच वाटायची.

आणि मग त्या उन्हाळ्यात ह्यांची मामेबहीण आली.

ही पुण्याला सायन्स कॉलेजात शिकत होती. सुट्टीला आत्याकडं आली. हो, आत्याकडंच. मी सासूबाईंना रीतीनं आत्याबाई म्हणायची, तिची ती खरीच आत्या. ह्या एवढ्याशा गोष्टीवर मी दोन भाकरी करपवल्या आहेत.

आमच्याकडं मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. त्यामुळं मामेबहीण आतेभावाला कधी दादा म्हणत नाही. ही पण म्हणायची नाही. "ऐकलंत का," म्हणायची. ऐकलंत का! माझ्या नवऱ्याला! आणि हे तिला नावानं हाक मारायचे. मला काय, तर "अगं." वर मला पक्कं ठाऊक होतं की लहानपणापासून ह्या दोघांच्या लग्नाचं घरात बोलणं झालेलं होतं आणि ठरता ठरता मोडलं. कुणी मोडलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची माझी छाती नव्हती. मग मी एक उपाय शोधला. तिला दिवसातून जमेल तितक्या वेळा, शेजारच्या वस्तीवर ऐकू जाईल अशा आवाजात, "वन्सं" म्हणायचं. नवऱ्याची बहीण ती वन्सं. एकदा बहीण ठरली की ठरली.

"वन्सं, च्या घ्या! वन्सं, पाणी काढलंय! वन्सं, तुमच्या भावाला पण हाक मारा!"

"वैनी, तुम्हाला घसा दुखत नाही का?" तिनं एकदा काळजीनं विचारलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती शेडमध्ये गेली आणि तिथंच रमली. तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसायची, पदर खोचून, मनगटावर घड्याळ. लाटण्यांवर रबर आधी मऊ करून घ्यायचं आणि मग त्यात प्लास्टिक थोडं थोडं सोडायचं, हे तिनं ह्यांना सुचवलं. मी भाकरी घेऊन जायची तर दोघांचं बोलणं चाललेलं.

"आत्ता समुद्र रबराचा आहे," ही म्हणायची. "प्लास्टिकची बेटं. अजून घाला."

"घालतो."

"अजून. आता बेटं मोठी होतायत, एकमेकांना टेकतायत..."

नीरेच्या कालव्यापलीकडं मी पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि ही दोघं माझ्यादेखत समुद्रावर बसून बेटं मोजत होती. माझी भाकरी बाजूला. मला वाटलं, हे आपल्याला ऐकवण्यासाठीच चाललंय.

तेव्हा समजलं नाही ते आता सांगते, कारण ती बाई शेवटी मला समजावूनच गेली. दोन न मिसळणाऱ्या वस्तूंत एक दुसरीला आपल्या पोटात घेते. जी घेते तो समुद्र, जी आत अडकते ती बेटं. रबराचा समुद्र असला तर फणी लोळणार. प्लास्टिकचा समुद्र आणि त्यात रबराची अगदी बारीक बेटं, खसखशीहून बारीक, अशी झाली तर फणी टणक राहते आणि मोडायला लागली की ती रबराची बेटं तडा पुढं जाऊ देत नाहीत. म्हणून रबरात प्लास्टिक घालत घालत जायचं. एका क्षणी आतलं बाहेर येतं आणि बाहेरचं आत जातं. हे त्याला "कूस पालटली" म्हणायचे. लाटण्यावरचा माल एकदम आवाज बदलायचा, चिकटपणा सोडून दुधासारखा पांढरा, गुळगुळीत व्हायचा.

आणि ती दोघं एकदमच ओरडायची: "पालटली!"

एकदम! एका आवाजात! मी दारात भाकरीची दुरडी घेऊन उभी. मग हे त्या पांढऱ्या पोळीची एक पट्टी कापायचे, पाण्यात गार करायचे आणि तिच्या हातात द्यायचे. ती वाकवायची. वाकली त्या जागी पट्टी आणखी पांढरी व्हायची पण मोडायची नाही, आणि मग दोघांची तोंडं अशी उजळायची! मी कितीतरी भाकऱ्या थापल्या, पदर सुटलेल्या, पापुद्रा फुगलेल्या. एक तरी कुणी हातात घेऊन असं पाहिलं होतं का?

मला त्या शेडमधली तिची जागा पाहिजे होती. बस्स. ह्यांच्याशेजारचा तो तेलाचा डबा. पट्टी वाकवायला ती माझ्या हातात यावी, एवढंच. त्यासाठी मी काय काय मनात आणलं ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या घड्याळाला चुना फासावा इथपर्यंत माझी मजल गेली होती.

तेवढ्यात संधी आली. मागं एकदा नमुना बघून गेलेला बावड्याचा एक व्यापारी जत्रेसाठी फण्या बघायला संध्याकाळच्या एसटीनं येणार होता. त्यानं माल उचलला तर शेड चालली. नाहीतर परत मुंबई धरायची, असं हे बोलून बसले होते. नेमक्या त्याच दिवशी आत्याबाई आणि वन्सं कऱ्हाटीला बारशाला गेल्या. शेडमध्ये मी आणि हे. पहिल्यांदाच! मी सकाळीच डोक्यात अबोलीची वेणी घालून घेतली.

कूस पालटली तेव्हा मी ओरडायला तयारच होते. पण मला कळलंच नाही कधी पालटली ते. हे एकटेच हळू आवाजात म्हणाले, "पालटली," आणि उगाच दाराकडं बघितलं.

पोळ्या कापून झाल्या आणि इंजिनाचा पट्टा तुटला. हे पट्टा खांद्यावर टाकून शिवून आणायला बाजाराकडं निघाले. जाता जाता म्हणाले, "अगं, पोळ्या गरम आहेत तोवर हौदात सोड. लगेच."

गेले.

मी त्या पोळ्यांकडं बघितलं. गरम, मऊ, पांढऱ्या. अगदी तिंबलेली कणीक. आणि मनात आलं, ह्या शिकलेल्या लोकांना कसली एवढी घाई? मळलं की लगेच पाण्यात! कुठली बाई कणीक तिंबून लगेच लाटायला घेते? मुरायला नको? रबर आणि प्लास्टिकचं पटत नाही, पटत नाही म्हणतात, पण त्यांना जरा उबेत, झाकून, शांत बसू दिलंय का कधी कुणी? नव्या सुनेला पण चार दिवस द्यावे लागतात. मी घरातून करडईचं तेल आणलं, प्रत्येक पोळीवरून हात फिरवला, एकावर एक रचून वाफेच्या टाकीच्या तापलेल्या पाठीवर ठेवल्या, वर ओलं पोतं. आणि त्या तेलाच्या डब्यावर बसले. वन्संच्या डब्यावर. पदर खोचून. घड्याळ नव्हतं म्हणून मनगटावर बांगड्याच मागं सारल्या.

पुरेसं मुरलं असं वाटलं तेव्हा सगळ्या पोळ्या हौदात सोडल्या. हे आले, पट्टा बसवला, पोळ्या साच्यात घातल्या. फण्या निघाल्या. एक उचलून उजेडाला धरून म्हणाले, "आज चकाकी बरी आलीय."

चकाकी तेलाची होती. पण मी त्या वाक्यावर सबंध दुपार तरंगत होते.

संध्याकाळी आत्याबाई आणि वन्सं परतल्या आणि त्यांच्या मागोमाग व्यापारी आला. भरघोस गलमिशा, मांडीएवढा दंड. त्यानं टोपलीतून एक फणी घेतली, अंगठ्याखाली धरून वाकवली. दात टपटप खाली पडले. त्यानं पाठ नखानं खरवडली तर पापुद्रा सुटला. ओढला, तर आणखी एक.

"राव," तो म्हणाला, "ही फणी हाय का कांदा?"

ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळे कांदेच.

"मागल्या खेपंला दावली व्हती ती न्हाय ही," व्यापारी म्हणाला. "जत्रेच्या आधी पुन्यांदा येतो. तवर तसली करून ठेवा. न्हायतर माझी लाकडाची बरी हायेत."

तो गेला. मग ह्यांनी वन्संकडं बघितलं. "काल तू रबर तोललंस ना? जास्त पडलं का?"

मी काय सांगू! माझा जीव असा थंड झाला! आता बसू दे हिला दोन शिव्या. आता म्हणू दे ह्यांना की तुझ्यामुळं माझी शेड बुडाली. मी पदराच्या आत हात चोळत उभी.

वन्संनी फणीचा तुकडा नाकाशी नेला, हुंगला. एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "असेल. माझ्याच हातून काही झालं असेल."

आणि हे म्हणाले, "असू दे. होतं असं कधी कधी."

असू दे!

अहो, त्याच आठवड्यात माझ्या हातून दूध उतू गेलं होतं, तेव्हा "डोळे कुठं होते?" म्हणाले होते. माझ्या उभ्या लग्नात मला एकदा "असू दे" मिळालं नव्हतं, आणि हिला एवढ्या मोठ्या नुकसानीवर, एवढ्या मऊ आवाजात! आणि ती चूक तिची पण नाही, माझी! माझ्या चुकीवरचं "असू दे" ती घेऊन चालली!

"त्यांची न्हाय!" मी ओरडले. "चूक माझी हाय! मी केलीय!"

"काय केलंस?" हे म्हणाले.

"मुरत ठेवलं."

"काय ठेवलंस?"

"मुरत. पोत्याखाली. वरून तेलाचा हात दिला."

ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच. "मी लगेच म्हणालो होतो ना?"

"लगेच म्हंजी किती लगेच?" आत्याबाई मधेच पडल्या. "कणीक म्हटली की मुरवायचीच. तुला सांगाया व्हवं व्हतं, ही मुरवायची न्हाय म्हून. तिला काय सपान पडतंय व्हय?"

"आई, ती कणीक नव्हती."

"दिसत तर तशीच व्हती!"

हे हौदाकडं गेले. पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते, आणि मला वाटलं, माणूस रडतोय. परत आले तेव्हा कळलं की टॉवेलाचा बोळा तोंडात धरून हसत होते. "असू दे" मात्र म्हणाले नाहीतच. ते राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी मला शेडमध्ये बोलावलं. मी मान खाली घालून गेले. म्हटलं, आता ही आपल्याला फाडून खाणार, ते हक्काचंच आहे.

"वैनी," ती म्हणाली, "किती वेळ ठेवलं होतंत? कुठं? टाकीच्या पाठीवरच ना? पुन्हा ठेवून दाखवा ना."

तिचे डोळे चमकत होते! रागाचं नाव नाही. तिनं माझ्याकडून तसंच करवून घेतलं. नव्या मालाची एक पट्टी लगेच पाण्यात सोडली, एक जरा वेळ पोत्याखाली ठेवली, एक पुष्कळ वेळ. तेल कशालाच लावू दिलं नाही. मग एकेक मोडायला लावली. पहिली मोडतच नव्हती. दुसरी कुरकुरत मोडली. तिसरी टचकन मोडली, आणि मोडलेल्या जागी पिवळट ठिपके दिसत होते, राजगिऱ्याएवढे.

"हे बघा रबर," ती म्हणाली. "लाटण्यांनी त्याला फाडून फाडून बारीक केलेलं असतं. पण मनातून ते मिसळलेलं नसतंच. गरम आहे आणि कुणी हलवत नाही म्हटलं की थेंब थेंबाला जाऊन मिळतो. हळदीकुंकवाला बायका बसतात बघा, थोड्या वेळानं एका माहेरच्या सगळ्या एका कोपऱ्यात. म्हणून बारीक आहे तोवरच थिजवायचं. तेलाचा दोष थोडा, मुरवण्याचा जास्त."

मी ते ठिपके बघत राहिले. मुरवल्यानं एकजीव होतं, असं मी धरून चालले होते. इथं मुरवल्यानं फुटलं होतं.

त्यानंतर पोळ्या हौदात सोडायचं काम माझं झालं. लाटण्यावरून सुटली की हातात, हातातून पाण्यात. तव्यावरची भाकरी उलटणाऱ्या हाताला ते काय अवघड? हे दोघं एकदा चुकून उशीर करायला लागले तर मीच खेकसले, "लगेच म्हंजी लगेच!" कूस पालटलेली मात्र मला कधी आधी ओळखता आली नाही. ती दोघं ओरडायची आणि मी मागून. समजून घेतलं म्हणून जळणं काही थांबत नाही. उलट आता मला कळत होतं की त्या दोघांना नेमकं काय कळतंय, आणि मी आणखीच जळायचे.

व्यापारी जत्रेच्या आधी आला. फणी अंगठ्याखाली वाकवली. ती पांढरी झाली आणि सोडल्यावर सरळ झाली. त्यानं पुन्हा वाकवली. मग गलमिशांतून एकदा फिरवून बघितली आणि म्हणाला, "व्हय. आता हाय फणी." टोपल्या बांधायला लागला. ह्यांनी एक पट्टी कापली, आणि हात पुढं केला तो माझ्याकडं. मी वाकवली. खरं सांगते, मला काही विशेष वाटलं नाही. पट्टी ती पट्टी. वाकली.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी वन्सं शेडमध्ये एकटीच होती. लाटणी थंड होती. ती चिंधीला तेल लावून रूळ पुसत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू, न्हाऊ घातलेल्या लेकराचं अंग टिपावं तशी. मी हौदाच्या काठावर बसले आणि जे विचारायची इतके दिवस छाती झाली नव्हती ते एकदाचं विचारलं.

"वन्सं, तुमचं आणि ह्यांचं ठरता ठरता मोडलं. ते कुणी मोडलं?"

ती पुसायची थांबली नाही. वर पण बघितलं नाही. म्हणाली:

"मीच नको म्हणाले होते, वैनी. पण हे पुढं ही लाटणी आणणार आहेत, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं."